४७ जी/१०

टोपोशीट मी जमिनीवर बसूनच उलगडतो. टेबलावरही मावतं, पण जमिनीवर पसरलं की डोंगर आपल्या गुडघ्यांशी येतात. या शीटचं नाव ४७ जी/१०. नाव कसलं, कचेरीतल्या फायलीचा नंबर. आणि आत वासोटा किल्ल्याचं रान, कोयना अभयारण्याचा हिरवा रंग.

२ सेंटिमीटरला १ किलोमीटर. दोन तपकिरी रेषांमध्ये २० मीटरची चढण. पायथ्यापासून वासोट्याच्या माथ्यापर्यंत पेन्सिलीच्या टोकाने रेषा मोजल्या, पंचवीसेक भरल्या. म्हणजे सुमारे ५०० मीटर. रेषा सैल आहेत तिथे गप्पा मारत जायचं, दाटल्या की बोलणं आपोआप बंद. बाबूकड्याशी तर त्या एकमेकींच्या अंगावरच चढतात. काढणाऱ्याने तिथे हात टेकले असावेत. त्याखाली कोकण. तिथलं चोरवणे गाव कागदावर अगदी हाताशी दिसतं. चालून बघा!

याच भागाचा कोयना धरणाआधीचा इंच-मैलाचा नकाशाही माझ्याकडे आहे. त्यात कोयना म्हणजे एक निळी रेघ, काठाकाठाने गावं. नव्या नकाशात त्या जागी धरणाचा शिवसागर जलाशय. डोंगरावरून उतरत आलेल्या रेषा त्याच्या काठाशी थबकतात. पुढे ना उतार, ना ओढा, ना पायवाट. नुसता निळा रंग.

मे महिन्यात बामणोलीहून लाँचने निघालो होतो. लाँचवाल्या मामांनी नव्या नकाशावर नजर टाकली. "तुमचं पाणी लई वर आलंय," म्हणाले. बरोबरच होतं. कागदावरचा काठ भरल्या धरणाचा. समोर पाणी उतरून तांबडी माती उघडी पडली होती.

मग मी जुना काढला. "आमचं गाव हाय का ह्यात?" नावं इंग्रजी अक्षरांत, मी वाचली तशी त्यांना एकही ओळखू येईना. चौथ्या की पाचव्या नावाला ते हसले आणि माझा उच्चार दुरुस्त केला. त्यांचा जन्म धरणानंतरचा. गाव त्यांनी पाहिलेलं नाही.

थोडं पुढे गेल्यावर त्यांनी इंजिन बंद केलं. "ह्ये हितं. आमचं खळं. आण्णा दाखवायचे."

मी पेन्सिल काढून नकाशावर जागा शोधू लागलो. तोवर लाँच वाऱ्याने सरकली होती.