शाळा सोडली कोणी?

माझ्या थोरल्या बहिणीची नात इंग्रजी माध्यमात सातवीला आहे. परवा रविवारी ती वही घेऊन माझ्याजवळ येऊन बसली. बाईंनी अभ्यास दिला होता, ‘ड्रॉप आऊट’ हे क्रियापद वापरून घरातल्या माणसावर एक वाक्य लिहा. पोरीनं लिहूनही आणलं होतं, ‘माय ग्रँडमदर ड्रॉप्ड आऊट ऑफ स्कूल.’ व्याकरणात एकही चूक नव्हती. तरी मला ते वाक्य खुपलं. ताई तिथंच मेथी निवडत बसली होती.

इंग्रजीत अशी जोडक्रियापदं पुष्कळ. ‘ड्रॉप’ म्हणजे गळणं, खाली पडणं. ‘आऊट’ म्हणजे बाहेर. दोन्ही मिळून अर्थ होतो, शिक्षण, शर्यत किंवा हाती घेतलेलं काम पुरं न करता मध्येच सोडणं. कशातून, ते सांगायचं तर पुढे ‘ऑफ’ लागतो. नुसत्या ‘लीव्ह’मध्ये हा अर्धवटपणाचा डाग नाही. आपल्याकडे दहावी पास झालेल्यालाही शाळा सोडल्याचाच दाखला मिळतो, तसं ते. (कॉलेज संपलं की आपण ‘पास आऊट’ झालो म्हणतो, ते साहेबाला सांगताना मात्र जपून. त्याला वाटायचं, पोरगं चक्कर येऊन पडलं!)

पण खरी खोच पुढे आहे. ‘ड्रॉप आऊट’ला या अर्थानं कर्म लागत नाही. बापानं मुलीला ‘ड्रॉप आऊट’ केलं, असं वाक्य इंग्रजीत होत नाही. जो बाहेर पडला तोच कर्ता, आणि बोलही त्यालाच. मराठीत ‘तिची शाळा सुटली’ म्हटलं की निदान कुणाकडे बोट जात नाही. सरकारी कागदावर मात्र ‘गळती’ लिहितात. जणू पोरं म्हणजे नळाचं पाणी!

मी नातीला बाबासाहेबांची गोष्ट सांगितली. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ साली त्यांना लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परतावं लागलं. चार वर्षांच्या आत परत येण्याची परवानगी त्यांनी विद्यापीठाकडून घेऊन ठेवली होती. १९२० साली ते पुन्हा गेले आणि १९२१ साली एम.एस्सी. झाले. त्यांना कुणी ‘ड्रॉप आऊट’ म्हणेल का? परतीची वाट उघडी होती.

मग मी घरचं सांगायला बसले. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. आमचे बाबा साच्यावर होते. दोन-चार महिन्यांत मिटेल म्हणत होते सगळे. तो मिटलाच नाही. जूनमध्ये शाळा उघडल्या तेव्हा घरात वाण्याची उधारी सोडून काही उरलं नव्हतं. ताई नुकती आठवीत गेलेली, मी चौथीत. ताईला शाळेतून काढलं, ती आईबरोबर धुण्याभांड्याला जाऊ लागली. माझी शाळा चालू राहिली. माझ्या वह्या कुठल्या पैशातून आल्या, हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

“तर खोड ते,” मी म्हटलं, “आणि लिही, शी वॉज टेकन आऊट ऑफ स्कूल. तिला शाळेतून काढलं.”

ताईनं मेथीची जुडी खाली ठेवली.

“मला कुणी काढलं गं? मीच बाबांना म्हणाले, धाकटीला शिकवा, मी जाते कामाला. दोन दिवस बाबा अर्जावर सही करीत नव्हते. दाखल्यावर ‘पालकांच्या विनंतीवरून’ लिहिलंय, ते खोटं आहे. उगाच बाबांवर ढकलू नकोस.”

इतकी वर्षं मी मनातल्या मनात बाबांना बोल लावीत आले होते. ते जाऊनही आता बरीच वर्षं झाली. मला काय बोलावं सुचेना.

नात पेन्सिल धरून आमच्या दोघींच्या तोंडाकडे बघत होती.

“मग काय लिहू आजी?”

“लिही, शाळा सोडली. पण का सोडली, तेही लिही,” ताई म्हणाली.

“एकच ओळ लिहायचीय गं,” पोरगी कुरकुरली आणि खोडरबर शोधू लागली.