खारपाणपट्ट्यातून दर्यावर

बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याकडे पसरलेल्या संग्रामपूर तालुक्यातील वरवट बकाल हे गाव साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर येते, आणि नकाशावर तीच रेघ पश्चिमेकडे अरबी समुद्र, अरबस्तान, सहारा व अटलांटिक महासागर ओलांडून पुढे नेली, तर ती क्यूबा बेटावरून जात कॅरिबियन समुद्राच्या वायव्य कोपऱ्यात, मेक्सिकोतील कानकून या पर्यटननगरीच्या आसपास पोहोचते. एकाच उन्हाखालच्या या दोन मुलखांपैकी एकात जगभरची माणसे पैसे मोजून खाऱ्या पाण्यात उतरतात, तर दुसऱ्यात खाऱ्या पाण्यापासून सुटका व्हावी म्हणून गावेच्या गावे पिढ्यान्‌पिढ्या धडपडत आली आहेत. समुद्रापासून चारशेहून अधिक किलोमीटर आत असलेल्या या भागाला खारपाणपट्टा म्हणतात. पूर्णा नदीने हजारो वर्षे आणून टाकलेल्या गाळाच्या जाड थरांत साठलेले भूजल क्षारयुक्त असल्यामुळे अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांतील विहिरी व कूपनलिका मचूळ किंवा सरळ खारे पाणी देतात, त्या टापूचे हे नाव. संग्रामपूर आणि जळगाव जामोद या तालुक्यांतील मूत्रपिंडाच्या आजारांची चर्चा या पाण्यासंदर्भातच वर्षानुवर्षे होत आली आहे. अशा मुलखातल्या माणसाला मीठ विरघळलेल्या पाण्याचे कौतुक सांगू जाणे थोडे धाडसाचेच. तरीही कॅरिबियनमध्ये लोकप्रिय असलेल्या अर्ध्या दिवसाच्या सागरसहलीचा आणि तिच्या मराठी प्रतिरूपाचा विचार या गावाच्या बाजूने केला, तर काही गोष्टी किनाऱ्यावरून दिसतात त्यापेक्षा अधिक नीट दिसतात.

कॅरिबियनमधील सहलीचे स्वरूप ठरलेले आहे. बार्बाडोस, अँटिग्वा, सेंट लुशिया किंवा अरुबा अशा एखाद्या बेटावरून सकाळी कॅटमरान निघते, शीड उभारून किनाऱ्याकिनाऱ्याने जाते, प्रवाळांच्या खडकांजवळ किंवा बुडालेल्या जुन्या जहाजाच्या सांगाड्याजवळ थांबते, आणि प्रवासी तासभर पाण्यावर पालथे तरंगून तळ न्याहाळतात. जेवणाच्या सुमारास सगळे परत धक्क्यावर असतात. कॅटमरान म्हणजे एकमेकांपासून अंतर राखून समांतर जोडलेल्या दोन अरुंद तळांची नौका. मुळात हे नाव तमिळ किनाऱ्यावरच्या, ओंडके एकत्र बांधून केलेल्या तराफ्याचे. विल्यम डँपियर या इंग्रज दर्यावर्दीच्या १६९७ साली छापलेल्या प्रवासवर्णनातही ते आढळते, आणि कालांतराने ते जोडतळी नौकेला चिकटले. पाश्चात्त्य शर्यतींच्या जगात अशा नौकेने पहिली खळबळ उडवली ती १८७६ साली, न्यू यॉर्कमध्ये: नॅथॅनियल हेरशॉफ यांच्या ‘अ‍ॅमरिलिस’ने एकतळी नौकांना इतके सहज मागे टाकले की पुढे अशा बांधणीला शर्यतीबाहेरच ठेवण्यात आले. वेगाचे शास्त्र अवघड नाही. अरुंद तळ पाणी कमी ढकलतो, म्हणून लाटांचा अडथळा कमी होतो. आणि बैलगाडी जशी दोन चाकांतल्या रुंदीच्या जोरावर उभी राहते, सायकलीसारखा तोल सावरावा लागत नाही, तशी ही नौका दोन तळांतल्या अंतरामुळे स्थिर राहते, त्यामुळे तिला पोटाशी शिशाचे किंवा लोखंडाचे जड ओझे बाळगावे लागत नाही. ओझे नाही म्हणून ती पाण्यात फार खोल बसत नाही, आणि खोल बसत नाही म्हणून उथळ खडकांच्या अगदी जवळ जाऊ शकते. दोष एकच, पण मोठा: एकदा उलटली की ती उलट्या अवस्थेतही तितकीच स्थिर असते.

मराठी माणसाच्या मनात कॅरिबियन बेटांची ओळख नौकांमुळे नव्हे, तर क्रिकेटमुळे झाली. १९७१ साली अजित वाडेकरांच्या संघाने पोर्ट ऑफ स्पेनला वेस्ट इंडीजविरुद्ध भारताचा पहिला कसोटी विजय मिळवला आणि सुनील गावस्करांनी पदार्पणाच्या त्या मालिकेत ७७४ धावा काढल्या, तेव्हा ज्या गावांत समुद्र कुणी पाहिलाही नव्हता तेथेही त्रिनिदाद, बार्बाडोस, जमैका ही नावे ओळखीची झाली. कॅटमरान हा शब्द मात्र मुंबई-अलिबागच्या लोकांच्या तोंडी रुळला तो गेटवे ऑफ इंडिया ते मांडवा या फेरीमुळे; तेथे धावणाऱ्या जोडतळी नौका यंत्रावर चालतात आणि शिडाशी त्यांचा संबंध नाही. कोकणच्या मच्छीमारांची उलांडीची होडी तत्त्वाने अधिक जवळची म्हणावी लागेल. होडीच्या एका बाजूला, आडव्या दांड्यांच्या टोकाशी हलक्या लाकडाचा लांब ओंडका बांधतात, त्याला उलांडी म्हणतात; दुसरा तळ नसूनही तोल सांभाळण्याचे काम ती करते.

कॅरिबियन सहलीचा खरा मराठी जोडीदार मालवण-तारकर्लीचा किनारा आहे. तो साधारण १६ अंश अक्षांशावर, म्हणजे कॅरिबियनमधील ग्वादलूप बेटाच्या जवळजवळ रेषेत येतो. येथे सिंधुदुर्ग किल्ल्याच्या भोवतालच्या समुद्रात प्रवाळ आहेत, आणि १३ एप्रिल १९८७ रोजी २९.१२ चौरस किलोमीटर क्षेत्राचे मालवण सागरी अभयारण्य घोषित झाले, ते महाराष्ट्रातील पहिले सागरी अभयारण्य. मासेमारीवर गदा येईल या भीतीने स्थानिक मच्छीमारांनी त्याला दीर्घकाळ विरोध केला, आणि ती भीती अनाठायी होती असे म्हणता येत नाही, कारण किनाऱ्यावरचा कायदा बहुधा मोठ्या यांत्रिक बोटीपेक्षा रापणकरालाच, म्हणजे किनाऱ्यावरून जाळे ओढणाऱ्या गरीब मच्छीमारालाच, आधी गाठतो. पुढे त्याच समाजातील अनेक तरुण पर्यटकांना पाण्याखाली घेऊन जाऊ लागले, आणि तारकर्लीला पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा डायव्हिंगच्या प्रशिक्षणाची संस्थाही उभी राहिली.

पर्यटकांना नेणारी मालवणची नौका साधी, यंत्राची होडी असते. सकाळ ही तिची वेळ, आणि त्याला कारण वाऱ्याचे आहे: रात्री जमीन लवकर निवत असल्यामुळे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे वाहतात, ते सकाळी मंदावतात आणि पाणी काही तास शांत राहते, दुपारनंतर तापलेल्या जमिनीकडे खारे वारे धावू लागले की पृष्ठभाग खवळतो आणि तळाची वाळू उसळते. कॅरिबियनमध्ये पूर्वेकडून जवळजवळ वर्षभर वाहणारे व्यापारी वारे असतात, म्हणून तेथे बेटाची पश्चिम बाजू, म्हणजे वाऱ्याचा आडोसा असलेली बाजू, सहलीसाठी निवडतात. भरती-ओहोटीचाही फरक आहे. कॅरिबियनमध्ये पाण्याची पातळी दिवसाकाठी बहुतेक ठिकाणी अर्ध्या मीटरपेक्षाही कमी बदलते, तर मालवणला अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ती दोन मीटरांहून अधिक चढते-उतरते. म्हणून अष्टमीच्या आसपास, भरतीचा जोर कमी असलेल्या भांगाच्या दिवसांत, पाणी तुलनेने नितळ मिळते.

पाण्यात उतरण्याचे साहित्य थोडके: डोळे आणि नाक झाकणारा काचेचा मुखवटा आणि तोंडात धरायची वाकडी नळी, जिला स्नॉर्कल म्हणतात. ही नळी हातभरापेक्षा लांब का नसते, याचे उत्तर छातीत आहे. पाण्याचा दाब खोलीबरोबर इतक्या झपाट्याने वाढतो की जेमतेम मीटरभर खाली छाती फुगवून वरची हवा ओढणे बरगड्यांच्या स्नायूंना जमत नाही. शिवाय लांब नळीत आपलाच उच्छ्वास साठून पुन्हा आत येतो. वऱ्हाडातल्या ज्या मुलांनी विहिरीत, पाठीला वाळका भोपळा किंवा रिकामा डबा बांधून पोहणे शिकले असेल, त्यांना समुद्रात दोन गोष्टी नव्या वाटतात. पहिली अशी की खारे पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असल्यामुळे अंग आपसूक वर राहते. दुसरी अशी की मुखवट्याच्या काचेतून, प्रकाशकिरण पाण्यातून हवेत येताना वाकत असल्यामुळे, प्रत्येक वस्तू सुमारे एकतृतीयांश मोठी आणि जवळ भासते. विहिरीत तळ दिसण्याची सवय नसते. येथे तळ दिसतो, आणि तोही खोटा जवळ. हात पुढे करावा तर मासा तेथे नसतो.

किती दिसते, हा मात्र वेगळा प्रश्न. कॅरिबियनच्या छायाचित्रांवर पोसलेली नजर मालवणला येऊन खट्टू होते: पाणी हिरवट, दृष्टीचा पल्ला चांगल्या दिवशीही काही मीटरांचा, आणि प्रवाळ फांद्या पसरलेले नव्हेत तर बहुतांशी खडकाला बिलगून वाढलेले, गोलाकार किंवा पापुद्र्यासारखे, पोराइटीस, फेवाइटीस, टर्बिनेरिया अशा काटक कुळांतले. येथे सौंदर्याच्या मापातच गफलत होते. कॅरिबियनचे पाणी काचेसारखे असते, कारण ते उपाशी असते: उबदार वरच्या थरात पोषक द्रव्ये अत्यल्प, म्हणून पाण्याला रंग व दाटपणा देणारे सूक्ष्म तरंगते जीव, ज्यांना प्लवक म्हणतात, तेही विरळ. अरबी समुद्रात नैऋत्य मान्सूनचे वारे पाणी ढवळतात, कोकणच्या नद्या गाळ आणि खत आणतात, कर्लीसारखी नदी देवबागला थेट किनाऱ्याशी मिळते, आणि त्या गढूळपणावर प्लवक, प्लवकांवर तारली व बांगडा, बांगड्यावर सुरमई अशी सारी उतरंड उभी राहते. ज्याने काळ्या मातीच्या पाण्यातून आलेले पीक पाहिले आहे, त्याला नितळ म्हणजे सकस नव्हे हे वेगळे समजवावे लागू नये. आणि नितळ म्हणजे निरोगीही नव्हे. १९८३-८४ मध्ये कॅरिबियनमधील लांब काट्यांच्या समुद्री साळिंद्रांचा, म्हणजे खडकावरचे शेवाळ चरून प्रवाळांना मोकळे ठेवणाऱ्या जीवांचा, साथीने जवळजवळ सर्वनाश झाला. २०११ पासून सरगॅसम या तपकिरी शेवाळाचे प्रचंड तरंगते पट्टे तेथील किनाऱ्यांवर येऊन सडतात. २०१४ साली फ्लोरिडात दिसलेला, प्रवाळांचे मांस झडवणारा रोग बेटाबेटांत पसरला. आणि तापलेल्या पाण्यामुळे प्रवाळ पांढरे पडण्याचे प्रकार वाढत गेले. जाहिरातीतले पाणी या सगळ्या काळात निळेच राहिले.

मालवणचे प्रवाळ ज्या खडकांवर वाढतात त्यांना स्थानिक लोक खडप म्हणतात, आणि या खडपांचा इतिहास राज्यकारभाराचा आहे. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचे बांधकाम सुरू करवले, तेव्हा बेटाभोवतीचे बुडीत खडक हा जागेचा दोष नसून गुण होता: खोल तळाची युरोपीय जहाजे त्यांत अडकली असती, आणि वाट जाणणारी, कमी पाण्यात तरंगणारी मराठी गलबते त्यांतून निसटली असती. उथळ पाण्यात सरकण्याची ही युक्ती म्हणजे आजच्या कॅटमरानची सोय. या दुर्गाच्या कर्त्या राजाची आई १५९८ साली सिंदखेड राजाला, म्हणजे समुद्राचा वाराही न लागणाऱ्या याच बुलढाणा जिल्ह्यात, जन्मली होती; आणि समुद्रात तट उभा राहिला तेव्हा ती हयात होती. २०२५ साली युनेस्कोने मराठा लष्करी भूदृश्ये जागतिक वारसायादीत घेतली, त्यांत सिंधुदुर्गही आहे.

पण वरवट बकालच्या माणसाने या किल्ल्यात पाहावे ते तट किंवा तोफा नव्हेत, तर तीन विहिरी: दूध विहीर, साखर विहीर आणि दही विहीर. चहूबाजूंनी खारा समुद्र असताना त्यांचे पाणी गोडे आहे. कोकणात पाऊस धो धो पडतो, बेटावर मुरतो, आणि गोडे पाणी हलके असल्यामुळे खाली व बाजूला असलेल्या खाऱ्या पाण्यावर टिकून राहू शकते. दरवर्षीचा पाऊस हा साठा भरतो. खारपाणपट्ट्यात उलटे घडते. पाऊस मोजका, माती चिकण, पाणी खाली मुरायला आणि बाजूला वाहून जायला नाखूश, ऊन प्रखर; त्यामुळे जमिनीतले क्षार धुऊन न जाता साचत जातात. समुद्राच्या मध्यात गोडी विहीर आणि समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत खारी विहीर, हा निसर्गाचा विनोद म्हणावा तर तो एका बाजूला फारच महाग पडलेला आहे. सातपुड्यात, बैतूल जिल्ह्यात उगम पावणारी पूर्णा या क्षारांचा काही भाग घेऊन पश्चिमेला जाते, चांगदेवला तापीत मिळते आणि तापी सुरतेखाली अरबी समुद्रात उतरते. म्हणजे या तालुक्याचे मीठ अखेर समुद्रात जातेच, फक्त अतिशय सावकाश.

मालवणच्या होड्यांबद्दल एक तक्रार नोंदवलीच पाहिजे. मासे गोळा व्हावेत म्हणून पाण्यात पाव-बिस्किटे टाकण्याची प्रथा सर्रास आहे. त्याने चित्र चांगले येते, पण शेवाळ खाऊन प्रवाळ स्वच्छ ठेवणारा मासा पावाच्या नादी लागतो. नांगर थेट खडपावर टाकणे हे त्याहून वाईट, कारण काटक प्रवाळही वर्षाला फार थोडे वाढतात आणि नांगराचा एक ओरखडा अनेक वर्षांची वाढ मोडतो. कायमचे तरंगते खुंट बांधून होड्या त्यांना अडकवणे हा उपाय जगभर माहीत आहे आणि खर्चिकही नाही.

वरवट बकालहून शेगाव, शेगावहून रेल्वेने सुमारे साडेपाचशे किलोमीटरवरची मुंबई, तेथून १९९८ साली पूर्ण खुल्या झालेल्या कोकण रेल्वेने कुडाळ आणि पुढे रस्त्याने मालवण, अशा वाटेने अर्ध्या दिवसाच्या सहलीला जाण्यायेण्यातच काही दिवस खर्ची पडतात. अंतरापेक्षा अडचण पंचांगाची आहे. समुद्र सर्वांत नितळ असतो तो नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात, आणि नेमकी तेव्हाच पूर्णेच्या खोऱ्यात कपाशीची वेचणी, तुरीची सोंगणी आणि हरभऱ्याची राखण चालू असते. हात रिकामे होतात ते एप्रिल-मेमध्ये, जेव्हा मालवणला गर्दी उसळलेली असते आणि मेच्या उत्तरार्धात दर्या खवळू लागतो. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद राहते, किल्ल्याची फेरी थांबते, होड्या ओढून किनाऱ्यावर शाकारल्या जातात. आणि जो मान्सून त्यांना पाण्याबाहेर काढतो तोच काही दिवसांनी सातपुड्याला टेकतो, तेव्हा संग्रामपूर तालुक्यात पेरणीसाठी तिफणी बाहेर निघतात.