अब्बांची कॅसेट

१९८० साली ‘कुर्बानी’ आला आणि आखातातून आलेल्या जपानी टेपरेकॉर्डरवर जयगडच्या घराघरांत नाझिया हसन गाऊ लागली. ती जेमतेम पंधराची. आम्ही भावंडेही आगेमागे तेवढीच.

अम्मीला वाचता येत नसे, म्हणून अब्बा कुवेतहून पत्राऐवजी बोलून भरलेली कॅसेट पाठवत. तिच्यावर दुसरे काही भरता येऊ नये म्हणून कडेचा प्लास्टिकचा तुकडा मोडून टाकत. आम्ही तिथे कागदाचा बोळा कोंबला आणि ‘आप जैसा कोई’ भरून घेतले. कोऱ्या कॅसेटला पैसे होते कुठे? अम्मीला सांगितले, फीत अडकली.

अब्बा गेले. २००० साली नाझियाही गेली. गाणे आता मोबाइलवर केव्हाही मिळते. कॅसेटवर मात्र ते संपले की अब्बांचा खोकला येतो, मग ‘खुदा हाफिज’. अम्मी होती तोवर आम्ही ती लावली नाही.