एक गाळलेली ओळ

स्मरणिकेसाठी लेख पाठवावा, असे संपादक मंडळाचे पत्र आले तेव्हा आम्हा दोघांनाही प्रथम संकोच वाटला. परदेशी गेलेले विद्यार्थी म्हणून आमचे कौतुक होणार, हे उघड होते; आणि ज्या शाळेच्या अंकात ते व्हायचे, त्या शाळेचे नाव आम्ही कित्येक महिने आमच्या अर्जांतून गाळले होते. हे आधी सांगितल्यावाचून पुढचे लिहिणे आम्हास प्रशस्त वाटत नाही.

आम्ही दोघे एकाच वसतिगृहातले, एकाच खोलीतले. एक स्थापत्य अभियंता झाला, दुसरा हिशेबाच्या क्षेत्रात गेला. २०११ साली काही महिन्यांच्या अंतराने आम्ही कॅनडात टोरोंटोला पोहोचलो आणि स्कारबरो भागातील एका तळघरात पुन्हा एकाच खोलीत राहू लागलो. शिक्षण आणि अनुभव यांचे गुण मोजूनच त्या देशाने आम्हास कायम वास्तव्याची परवानगी दिली होती. तेव्हा नोकरीही वाट पाहत असेल, अशी आमची भाबडी समजूत. पहिल्या तीन महिन्यांत दोघांनी मिळून दोनशेहून अधिक अर्ज केले. उत्तरे बोटांवर मोजण्याइतकी आली, आणि त्यांतही प्रश्न एकच : कॅनडातला अनुभव आहे का? परवानाधारक अभियंता होण्यासाठी ओंटारिओ प्रांतात तेव्हा ४८ महिन्यांचा अनुभव लागे व त्यातले किमान १२ महिने कॅनडातले असावे लागत. परवान्याला तिथला अनुभव हवा, आणि तो अनुभव द्यायला कोणी तयार नाही. भाडे थकू नये म्हणून आम्ही एका गोदामात रात्रपाळीने खोकी उचलू लागलो. (श्रमदानाच्या दिवशी आमच्यापैकी कोणाचे पोट दुखत असे, हे गुरुजींना आठवत असेलच.)

भेटेल तो सांगे, 'नुसत्या अर्जांनी काही होत नाही, ओळखी वाढवा.' हे ऐकून आमच्या अंगाचा तिळपापड होई. ओळख म्हणजे वशिला, एवढाच अर्थ आम्हास ठाऊक होता. एकाचे वडील शेतमजूर, दुसऱ्याचे रेल्वेत गँगमन. वशिला आणायचा कोठून? गुणपत्रिका हेच भांडवल, आणि परदेशात तरी तेवढे पुरेल म्हणून तर निघालो होतो.

तरीही गेलो, आणि जवळचे म्हणून प्रथम आपल्याच भाषेच्या माणसांत गेलो. एका रविवारी एका घरी जेवणाचे बोलावणे होते. स्वागत मनापासून झाले. मग गाव कुठले, आडनाव काय, शाळा कोणती. हे प्रश्न आपुलकीनेही विचारले जातात, हे आम्ही नाकारत नाही. तथापि उत्तर ऐकल्यावर समोरच्या नजरेत जो क्षणभराचा थांबा येतो, तो आमच्या चांगल्या परिचयाचा होता. 'उद्याच फोन करतो' म्हणालेल्या गृहस्थांचा फोन आला नाही. कारण तेच होते की दुसरे, हे सिद्ध करता येत नाही. आणि हाच त्या गोष्टीचा खरा जाच. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या बाबासाहेबांना १९१७ साली बडोद्यात राहायला जागा मिळाली नाही, ही हकीकत आम्ही शाळेत दरवर्षी ऐकली होती. ती जुन्या काळाची म्हणून ऐकली होती. त्याच आठवड्यात आम्ही अर्जातून शाळेची ओळ काढून टाकली. इथे शाळेचे नाव कोण पाहतो, असे एकमेकांना सांगितले. खरे कारण दोघांनाही ठाऊक होते.

पुढे नव्याने आलेल्यांसाठी चालणाऱ्या एका मार्गदर्शन योजनेतून एक बाई भेटल्या. मूळच्या जमैकाच्या, पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेल्या. मार्गदर्शन अभियंत्याचे ठरले होते. दुसरा बिनबोलावता शेजारी जाऊन बसे. आमचा चार पानांचा अर्ज त्यांनी जन्मतारीख, वडिलांचे नाव, वैवाहिक स्थिती, छायाचित्र असे सारे वगळून दोन पानांवर आणला. नंतर म्हणाल्या, 'नोकरी मागू नका, वीस मिनिटे मागा. त्या माणसाला त्याच्या कामाविषयी विचारा. निघताना आणखी दोघांची नावे विचारा, आणि दुसऱ्या दिवशी आभाराचे पत्र पाठवा.' वशिल्यात अपात्रता झाकली जाते. येथे पात्रता कोणाच्या तरी दृष्टीस पडावी, एवढीच खटपट होती. हा फरक उमजायला आम्हास फार दिवस लागले. नोकरीची बातमी जिवलगांपेक्षा जुजबी ओळखीच्या माणसांकडून अधिक येते, असे मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी १९७३ साली दाखवून दिले होते. कारण जिवलगांना बहुधा आपल्याला ठाऊक तेवढेच ठाऊक असते. एका तळघरात राहणाऱ्या आम्हा दोघांचा एकमेकांना काडीचाही उपयोग का होत नव्हता, हे त्यावरून कळले.

मुलाखतीचा सराव करताना बाईंनी विचारले, 'हाती अधिकार नसताना माणसे एकत्र आणून काम केल्याचा एखादा प्रसंग सांगा.' कंपनीतले दोन-तीन प्रसंग सांगून पाहिले. ते त्यांना रुचले नाहीत. शेवटी नाइलाजाने दहावीच्या वर्षीचा उन्हाळा सांगितला. वसतिगृहाची विहीर आटली होती, टँकर एक दिवसाआड येई, आणि पाण्याच्या पाळ्या लावण्याचे काम आम्हा दोघांकडे आले होते. पाचवीची मुले आधी, दहावीची सर्वांत शेवटी, असा आम्ही क्रम लावला. आमच्याच वर्गाने दोन दिवस अबोला धरला, तिसऱ्या दिवशी तेच बादल्या घेऊन रांग सांभाळायला उभे राहिले. बाईंनी लेखणी खाली ठेवली. 'हे अर्जात का नाही?'

आम्ही गप्प राहिलो. मग सगळेच सांगितले. त्यांनी शाळेच्या नावाचे एकेक अक्षर विचारून घेतले आणि ते स्वतःच्या हाताने अर्जाच्या समासात लिहिले.

अशाच एका वीस मिनिटांच्या भेटीतून निघालेल्या तिसऱ्या नावाकडून अभियंत्यास जलवाहिन्यांच्या तपासणीचे काम मिळाले, पूर्वीच्या हुद्द्याहून दोन पायऱ्या खालचे. मुलाखतीत विहिरीची गोष्ट पुन्हा सांगावी लागली. हिशेबनीसास परीक्षा नव्याने द्याव्या लागल्या. त्याला आणखी दोन वर्षे गेली.

कॅनडातल्या अनुभवाचा सरसकट आग्रह हा भेदभावच ठरतो, अशी भूमिका ओंटारिओच्या मानवी हक्क आयोगाने २०१३ साली घेतली. अभियंत्यांच्या परवान्यासाठी ती अट २०२३ च्या मे महिन्यात रद्द झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरात जातीवरून होणारा भेदभावही मानवी हक्क संहितेच्या कक्षेत येतो, असे आयोगाने स्पष्ट केले. आम्हास यांतले काही वेळेवर लाभले नाही. मागून येणाऱ्यांस लाभो.

आमचे पत्ते शाळेच्या कार्यालयात ठेवले आहेत. वीस मिनिटे कोणीही मागावीत. गेल्या हिवाळ्यात आपल्याच शाळेच्या एका परिचारिका झालेल्या विद्यार्थिनीने ती मागितली, आणि अर्जात शाळेचे नाव लिहू का, असे विचारले. आमच्यापैकी एकाने तत्काळ 'लिही' म्हटले. दुसरा म्हणाला, 'आधी नोकरी लागू दे.' आमचा त्यावर बराच वाद झाला आणि तो मिटलेला नाही. तिने मात्र नाव लिहिले आहे, आणि सध्या ती तिसऱ्या भेटीची तयारी करीत आहे.