दांडगोबा चारिझार्ड

२००३ साली कार्टून नेटवर्कवर पोकेमॉन आलं आणि आमच्या अलिबागेतली पोरंही पिकाचूच्या नादी लागली. मला भावला तो आग ओकणारा चारिझार्ड. दिसायला ड्रॅगन, पण मूळ खेळात त्याचा प्रकार अग्नी आणि उड्डाण!

लहानपणी तो चारमँडर. शेपटीवरची ज्योत विझली की जीव संपला. मालकाने टाकून दिलेल्या त्या पिल्लाला अॅश आणि त्याचे मित्र भर पावसात वाचवतात. मोठं झाल्यावर तेच अॅशचं ऐकेनासं होतं. पुढे एका लढतीत ते गोठतं, अॅश रात्रभर चोळून त्याला ऊब देतो, तेव्हा कुठे वळणावर येतं.

वर्गातली दांडगट मुलं अशीच असतात हो. छडीला बधत नाहीत. आपल्यासाठी कुणी जागलं, हे कळलं की बधतात.