सुटी फळी

सीतादहीची पूजा होते, वेचणी सुरू होते आणि देवळी-आर्वीकडच्या घराघरांत कापूस शिरतो. खोली भरली की माळ्यावर. हिंगणघाटच्या बाजारात भाव चढेल या आशेवर तो होळीपर्यंतही तिथेच असतो. अशा माळ्यावर चढलं की माझं लक्ष कापसाकडे जात नाही, त्याच्याखालच्या फळ्यांकडे जातं.

कडीपाटाच्या घरांत पूर्वी वायर कडीच्या अंगाने, लाकडी पट्टीवर क्लिपा ठोकून नेलेली असायची. देखणी नव्हती; पण बैठकीत उभं राहून बटनापासून दिव्यापर्यंतची सगळी वाट डोळ्यांनी तपासता यायची. आता खालून पीव्हीसीचं सीलिंग लागतं, वायर मधल्या पोकळीत जाते आणि वरून फळ्या खिळ्यांनी कायमच्या ठोकल्या जातात. बैठक छान दिसते, हे मान्य. पण आत एखादा जोड सैल पडला तर?

सैल जोड तापतो. एमसीबी पडत नाही, कारण वीज जास्त वाहतच नसते; उष्णता तेवढ्या एका जागी साठत राहते. साधी पीव्हीसी वायर ७० अंशांपर्यंतच्या तापमानासाठी बनवलेली. वर्ध्याचा मे महिना ४५ अंशांच्या पुढे जातो, कवेलूखालचा माळा त्याहून तापतो, आणि वर कापूस उरलेला असला तर वायरीची ऊब बाहेर पडायला जागाच नाही. शिवाय उंदीर. त्यांनी कुरतडलेली वायर कुणाला दिसणार?

कवेलूच्या बाबतीत आपण असं कधी वागलो नाही. मृगाच्या आधी माणूस चढतो, एकेक कवेलू उचलून फेरतो, फुटकं बदलतो. छप्पर उघडता येतं म्हणूनच ते पिढ्यान्‌पिढ्या टिकतं. विजेला मात्र आपण खिळे ठोकून गाडतो, याचं मला वाईट वाटतं.

आर्वीकडच्या एका घरी काम चालू असताना मी सुताराला म्हटलं, ‘‘भाऊ, वायरीवरची फळी ठोकू नका, स्क्रू लावा.’’

‘‘कापूस भरल्यावर कोन उघडते जी?’’

‘‘दिवा गेला की वायरमन उघडेल.’’

त्यांनी मान हलवली. स्क्रूला मेण चोळलं, म्हणजे आता सहज बसतो आणि पुढे गंजून अडत नाही. डोकं फळीत बुडवलं, पोत्याला अडकायला नको. वायर कडीच्या कुशीला, वरच्या काठापासून चांगली खाली घेतली, कारण इतर फळ्यांचे खिळे तिथवर पोचता कामा नयेत. जोड सगळे झाकणाच्या डबीत, आणि डबी बरोबर त्या सुट्या फळीखाली. जोड उचलून बघता यावा म्हणून वायरीला वीतभर ढील. शेवटी फळीवर लाल ऑइलपेंटचा पट्टा ओढला. घरच्या बाईंनी तिथेच सांगून टाकलं, या पट्ट्यावर कापूस टाकायचा नाही, दोन्ही बाजूंना हातभर जागा मोकळी ठेवायची. आणि मेन स्विच बंद केल्याशिवाय त्या फळीला कुणी हात लावायचा नाही.