ठक् नको

भोसरीच्या एमआयडीसीत कुठल्याही शेडमध्ये शिरा, फुस्स-ठक्, फुस्स-ठक् चालूच असतं. फुस्स म्हणजे व्हॉल्व्हमधून सुटलेली हवा. ठक् म्हणजे सिलिंडरचा पिस्टन टोकाच्या कव्हरवर आदळला. पहिल्या आवाजाचं मला काही वाटत नाही. दुसरा ऐकला की हातातलं काम ठेवून मी तिकडे वळतो.

क्लॅम्प दाबायचा, खोकं कन्व्हेयरवरून बाजूला सारायचं, मशीनचं दार उघडायचं, सगळीकडे हाच हवेचा सिलिंडर. 50 मिमी बोअरला 6 बार हवा दिली की पुढे जाताना साधारण 120 किलोचा जोर मिळतो. परत येताना 20 मिमीचा रॉड जागा खातो, म्हणून तो शंभरावर येतो. हे गणित नवी मुलंसुद्धा लगेच शिकतात. जोर किती, हे सगळे विचारतात. पिस्टन थांबणार कसा, हे क्वचितच कुणी विचारतं. वेग दुप्पट केला की टोकाला जिरवायची ऊर्जा चौपट होते.

त्यासाठी दोन्ही टोकांना कुशनिंगचा बारीक स्क्रू असतो. स्ट्रोक संपत आला की हवेची मोठी वाट बंद होते आणि अडकलेली हवा या स्क्रूच्या फटीतून हळूहळू निघते. फार आवळला तर पिस्टन टोकाशी उसळी घेतो, मग रांगत पोचतो. फार सैल सोडला तर ठक्. मी आधी वेग कमी ठेवून स्क्रू जवळजवळ बंद करतो, मग किंचित किंचित उघडतो. एक बोट बॅरलवर, कान टोकाकडे. आणि हे खरा लोड लावूनच. रिकाम्या सिलिंडरवर केलेलं सेटिंग काही कामाचं नाही.

वेगही फ्लो कंट्रोलने बाहेर जाणारी हवा दाबूनच धरावा. मग पिस्टनच्या दोन्ही बाजूंना दाब राहतो आणि तो गचके न खाता चालतो.

एवढं करूनही रात्रपाळीत कुणीतरी उत्पादन वाढवायला फ्लो कंट्रोल मोकळा सोडतो. म्हणून सेटिंग झालं की मी त्याच्या नटवर पेंटची रेघ ओढतो. रेघ सरकलेली दिसली की सुपरवायझरना सांगतो, "साहेब, वेग जरूर वाढवा, पण आधी मला टोकाला शॉक अब्सॉर्बर लावू द्या."